न वाहिलेली ओटी

तेजू बाळा,

तू तिकडं परमुलखात शिकायला गेलीस, आन् तिथल्या गावकऱ्यांसंगं नदी वाचवायला धरण बांधायच्या जागी जाऊन बसलीस. तू धाडलेला व्हिडिओ शेजारच्या साखरबाईनं वस्तीवरच्या समद्या बायांना दाखवला. त्यात एक म्हातारी पाण्याला हात जोडती. साखरबाई म्हणाली, "ही आपल्यातलीच दिसती गं. चला, तिच्या नदीची ओटी भरू."

त्या नदीचं नाव आमच्या जिभेवर बसंना. मग "तेजूची नदी" म्हणत आम्ही आपल्या घोड नदीतच खण, नारळ, तांदूळ सोडले. पाणी पाण्याला मिळतंय, कवातरी पोचंल, असं वाटलं. सकाळचं धुकं होतं. हिरवा खण पाण्यावर पसरला. आता ह्यो जाईल, आन् तिकडं तू वाकून उचलशील, असं मला दिसायला लागलं.

आम्ही लई वेळ उभ्या राहिलो. खण जागचा हलला न्हाई. साखरबाई हळूच म्हणाली, "अगं, हे धरणाचं पाणी. हे कुठं वाहतंय?"

माझं माहेर ह्याच पाण्याखाली हाय, तरी मी इसरले होते.

उद्या फोनवर तुझे आप्पा शेजारी असतील. तिकडं पोलीस आल्याचं ऐकल्यापासून त्यांचा जीव थाऱ्यावर न्हाई. तवा मी "घरी ये" असंच म्हणंन. हे पत्र धाडायचा धीर मला न्हाई. पण हितं लिहून ठेवते: तुमची नदी वाहती हाय, तवर उठू नको.

काठावर उभी,
तुझी आई