अजमलचं वेगळं ताट

१४ नोव्हेंबर २०२४

मानेतल्या गाठीचा रिपोर्ट आला. कॅन्सरच. अजमलला — नवऱ्याचं नाव तोंडानं घेत नाही मी, इथं कोण ऐकतंय!

मिरजेच्या दवाखान्यात सासूबाईंना घेरी आली, म्हणून मी बाहेरच थांबले. डॉक्टरांकडे हे एकटेच गेले. लोणंदला परतताना गाडीत मला समजावलं. मोटारींचं वायंडिंग करणारा माणूस, दुसरं कसं सांगणार!

"रोगाशी लढणारी पांढरी पेशी असती बघ. भायेरनं सांगावा आला तरच तिनं वाढायचं. आता एक व्हायरस आत बसलाय, त्योच सारखा 'वाढ, वाढ' म्हनतोय. स्टार्टर चिकटलाय, सबा. बटन दाबलं न्हाई तरी मोटार चालूच."

हे हसले. मला हसू आलं नाही.

१६ नोव्हेंबर

आज वेगळं ताट घेतलं यांनी. लग्नापासून आम्ही एकाच ताटात जेवतो. माशाचे काटे काढून माझ्याकडे सरकवायचं काम यांचं.

"व्हायरस हाय गं. थुकीतनं जातोय."

मी अर्ध्या ताटावरनं उठले.

२८ नोव्हेंबर

पहिली केमो. दिवसभर उलट्या. पाठ चोळत बसले.

८ डिसेंबर

केस हातात येताहेत. हळूच तेल लावलं, तर लहान मुलासारखं डोकं पुढं केलं. म्हणजे माझा हात डोक्याला चालतो, ताटाला नाही! मग जेवताना मुद्दाम त्यांच्या ताटातला घास उचलला. मनगट धरलं माझं. बराच वेळ सोडलं नाही, पण घास काही खाऊ दिला नाही. फार राग आला. आणि फार मायाही आली.

१२ डिसेंबर

दुसरी केमो. गाठ बसायला लागलीय! सलाईन चालू असताना मी डॉक्टरांना गाठलं, ताटाचं विचारलं.

"अहो, हा विषाणू जवळजवळ सगळ्यांच्याच अंगात लहानपणापासून असतो. तुमच्याही असेल. बहुतेकांच्यात गप्प बसून राहतो. खुशाल एका ताटात जेवा. मी त्यांना पहिल्याच दिवशी सांगितलंय की!"

१३ डिसेंबर

विचारलं. खोटं का सांगितलं म्हणून. तर म्हणाले, "तुला एकटीनं जेवायची सवय व्हावी म्हनून."

दुसरं ताट माळ्यावर टाकलं. आज मासा केला होता. काटे मी काढले.