तुमचा दुसरा उपदेश

बाबा, तुम्हाला मी कधी पत्र लिहिलं नाही. तशी वेळच आली नाही. लग्न होईपर्यंत मी तुमच्याच घरात होते, आणि आपलं घर चर्चच्या भिंतीला लागून. पांढरकवड्याच्या पुढे, हमरस्ता सोडून आत गेलं की ते टिनाच्या छपराचं चर्च आणि त्याचे तुम्ही पाळक. आठवडाभर तुम्ही सायकलीच्या दांडीला चित्रांची गुंडाळी बांधून कोलाम आदिवासींच्या पोडांवर, त्यांच्या वस्त्यांवर, जायचे, लिंबाखाली चित्र टांगून उधळ्या पोराची गोष्ट सांगायचे. कोणी ऐकायचं, कोणी बकऱ्या हाकत निघून जायचं. रविवारी उपासना. सतरंजीवर एकीकडे बाया, एकीकडे माणसं. त्याआधी व्हरांड्यात मी लहान मुलांचा वर्ग घ्यायची. बी.ए. झालेली होते, स्थळं बघणं चालू होतं, आणि पाळकाची मुलगी असल्याचा मला थोडा ताठाही होता.

ती कापसाची वाईट वर्षं होती. पावसाचा भरवसा नाही, बोंडं अळीनं खाल्लेली, आणि आज या गावचा, उद्या त्या गावचा माणूस फवारणीची दवाई पिऊन गेल्याची बातमी. आपल्या मंडळीत असं काही होणार नाही असं आपण धरून चाललो होतो. मग आपला ढोलकवाला गेला. भजनाच्या वेळी डोळे मिटून वाजवणारा, कडवं संपलं तरी हात न थांबणारा. त्याची बायको आणि तिसरीतली मुलगी मागे राहिली. मुलगी माझ्याच वर्गात यायची.

त्याच्या मातीच्या दिवशी तुम्ही केलेला उपदेश मला अजून ऐकू येतो. तुम्ही व्यासपीठावर नेहमी पुस्तकातली मराठी बोलायचे. त्या दिवशीही तसंच बोललात, पण आवाज चढलेला होता. "जो स्वतःच्या हाताने आपला प्राण घेतो, त्याला स्वर्गाचे दार बंद आहे," असं तुम्ही म्हणालात, आणि ते म्हणताना शवपेटीकडे बघत नव्हतात, माणसांच्या बाजूला बघत होतात. एकेका चेहऱ्यावर नजर थांबवत होतात. मला तेव्हाच कळलं होतं की तुम्ही मेलेल्याला काही म्हणत नाही आहात, जिवंतांना भीती घालताय. ती बाई मात्र बायांच्या पुढच्या ओळीत बसली होती. तिनं पदर तोंडात धरला आणि शेवटपर्यंत मान वर केली नाही. मला त्यात काही वावगं वाटलं नाही, बाबा. बाहेर आल्यावर मंडळीचे खजिनदार म्हणाले, "साहेबांनी बराबर सांगतलं," आणि मला तुमचा अभिमान वाटला.

पुढच्या रविवारी ती मुलगी वर्ग सुटल्यावर थांबली. बाकीची पोरं पळाली. तिनं विचारलं, "ताई, माहा बाप नरकात गेला काय?"

मला उत्तर येत नव्हतं असं नाही. दोन्ही उत्तरं येत होती आणि दोन्ही द्यायची भीती वाटत होती. मी म्हटलं, "जा, पाळकसाहेबांना विचार." तुम्ही अंगणात सायकलच्या साखळीला तेल देत होता. ती सरळ तुमच्यापाशी गेली आणि तेच शब्द बोलली. तुमचे हात तेलाचे. तुम्ही ते पुसलेही नाहीत, तसेच उकिडवे तिच्याकडे वळलात. मग म्हणालात, "मले माहीत नाही, बेटा." ती म्हणाली, "मंग सांगतलं काहून?"

त्या दिवशीची उपासना तुम्ही वेळेवर सुरू केली, भजन झालं, ढोलकाविना. उपदेशाच्या वेळी तुम्ही व्यासपीठावर चढला नाहीत. सतरंजीच्या कडेला, बायांच्या बाजूला येऊन उभे राहिलात आणि चर्चमध्ये पहिल्यांदा घरच्या बोलीत बोललात. "मी मागच्या खेपेले जे बोल्लो, ते मले माहीत नव्हतं. दार कोणाले बंद हाय न् कोणाले उघडं, हे पाहाचं काम माहं नाही. मी लोकायले भेव दाखवासाठी बोल्लो. बाई, मले माफ कर." आणि तुम्ही तिच्यापुढे हात जोडले. ती उठली, मुलीचा हात धरला आणि चपला घालून निघून गेली. तिनं माफ केलं की नाही, तुम्हालाही कधी कळलं नाही.

मी पायाच्या अंगठ्याकडे बघत बसले होते. चर्चचा पाळक, माझा बाप, मंडळीसमोर हात जोडून उभा आहे आणि समोरची बाई पाठ फिरवून चालली आहे. आधीच्या उपदेशानं मला लाज वाटली नव्हती. या माफीनं वाटली.

पावसाळा सरता सरता खजिनदारांचा धाकटा भाऊ गेला. तसाच. मातीला तुम्ही फक्त बायबलातलं वचन वाचलं आणि प्रार्थना केली. खजिनदार कबरीपाशीच सगळ्यांदेखत बोलले, "पाळकच जर म्हणन का दार उघडं हाय, तं लोकं जातीनच ना, साहेब!" तुम्ही वाकून कबरीत मूठभर माती टाकलीत. घरी आल्यावर आईनं पाणी दिलं, ते तुम्ही नुसतं धरून बसलात. आणि तेव्हा मी बोलले. "तुम्ही पहिलंच बोलणं ठेवलं असतं तर तो माणूस आज असता." आई मला ओरडली. तुम्ही ओरडला नाहीत. "असंन," एवढंच म्हणालात. त्या एका शब्दानंतर तुमच्याशी नीट डोळ्याला डोळा देऊन मी कधी बोलले का, आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी तुम्ही चित्रांची गुंडाळी सोडून ठेवली आणि सायकलला पोतं बांधून गावात निघालात. दारोदार सांगत फिरलात, "दवाई घरात ठेवू नका. माह्यापाशी ठेवा. फवाऱ्याच्या दिवशी घेऊन जा." आधी लोक हसले. मग बायांनीच नवऱ्यांच्या नकळत डबे आणून द्यायला सुरुवात केली. आपल्याच मंडळीच्या नाही, बौद्धपुऱ्यातल्या, मशिदीमागच्या घरांतल्याही. प्रभुभोजनाचे पेले ज्या लोखंडी कपाटात असायचे ते तुम्ही रिकामं केलं. पेले आपल्या स्वयंपाकघरात आले आणि कपाटात दवाई. सगळ्या चर्चला तो उग्र वास. उपासनेला बसलं की डोकं दुखायचं. दोन कुटुंबं त्यापायी यायची बंद झाली. मला बघायला आलेली माणसं रविवारी उपासनेला थांबली, तेव्हा मुलाच्या आईनं नाकाला रुमाल लावला, आणि मी देवाच्या घरात बसून तुमच्या नावानं चरफडत होते.

त्याच हिवाळ्यात एक दिवस दुपारी बौद्धपुऱ्यातला एक जण आला. "जय भीम, साहेब. माहा डबा द्या."

"जय भीम. आता कायची फवारणी? कापूस तं येचून झाला."

"पाहिजे, साहेब."

तुम्ही त्याच्याकडे बघितलंत. सदऱ्याच्या खिशावर हात ठेवलात, तिथे चावी होती हे मला दारातून दिसत होतं. "चावी सापडून नाही राह्यली, भाऊ. बस, चहा घे. पोरगी शोधते." मी शोधायला हलले नाही, चहा ठेवला. तुम्ही त्याला बैलाचं विचारलं, मुलीच्या सासरचं विचारलं. वचनातला एक शब्द काढला नाही. बशीतला चहा फुंकत तो एक-दोन शब्दांत सांगत होता. मग एकाएकी रडायला लागला, आणि तुम्ही त्याच्या पाठीवर हात ठेवून बसलात. ऊन उतरल्यावर त्याची बायको शोधत आली. तिच्याबरोबर तो रिकाम्या हातानं घरी गेला. म्हातारा होऊन तुमच्या मातीला आला होता. मला तो दिसला, पण मी त्याच्याशी बोलले नाही.

असं सगळंच चांगलं झालं नाही. डबा न देणाऱ्यांच्या घरातली माणसं पुढेही दवाई पिऊन गेली. पण त्या दुपारनंतर मी तुम्हाला एक वाक्य बोलायला हवं होतं, आणि मी कपबशा विसळत राहिले. पुढे लग्न होऊन नागपूरला आले, तुम्ही आजारी पडलात, मी आले, औषधपाणी विचारलं, परत गेले. तुमच्या 'असंन'ला मी तसंच राहू दिलं.

हे पोचणार नाही म्हणून लिहिता येतंय. लिहून झालं की घडी करून कपड्यांखाली ठेवीन. इथलं चर्च मोठं आहे, पंखे आहेत, माइक आहे. आमचे पाळक तरुण आहेत, दर वर्षी मला मुलांचा वर्ग घ्यायला सांगतात. मी म्हणते, माझा घसा बसतो, जास्त बोलवत नाही. घसा चांगला आहे, बाबा. एखादं पोर वर्ग सुटल्यावर मागे थांबेल, याची मला भीती वाटते.