नावं पुसलेल्या नळ्या

ती. काका यांस,

पुतणीचा वाकून नमस्कार. तुमची तब्येत उत्तम असणारच, कारण ती कशी आहे असं विचारलं की "मला काय धाड भरलीये" हे उत्तर ठरलेलं असतं आणि त्यापुढे विचारायची सोय नसते. काकूंना विचारलं म्हणून सांगा. मी मजेत आहे. खरं तर हे सगळं फोनवरही सांगता आलं असतं, पण फोन तुम्ही मध्येच ठेवता (आवाज तुटतोय म्हणून, माझा आवाज एरवी तीन घरं पलीकडे ऐकू जातो). पत्र मात्र तुम्ही शेवटपर्यंत वाचता. चौघा भावांत नीट ऐकून घेणारे समंजस असे एक तुम्हीच. बाकी तिघांशी बोलणं म्हणजे भिंतीशी बोलणं, हे तुम्हाला मी सांगायला नको.

आमच्या नव्या घरी तुम्ही चौघे जेवायला जमला होतात आणि जेवणाआधी मी सगळ्यांचं रक्त काढून घेतलं, ते आठवत असेल. प्रयोगशाळेत नवं यंत्र आलं होतं, त्यावर हात बसवायला साठी ओलांडलेल्या निरोगी माणसांचं रक्त हवं होतं, आणि असा माणूस शोधायला गेलं तर सापडत नाही. प्रत्येकाला काहीतरी असतंच. माझ्या घरात मात्र असे चार आयते, तेही स्वतःहून छाती ठोकून सांगणारे. एकाने बाही वर करताना दंड फुगवून दाखवला. एकाला सुई दिसताच नेमकी खोकल्याची उबळ आली. एकाने आपण तरुणपणी किती पोहायचो ते सांगायला घेतलं ते पट्टी लावली तरी संपेना, आणि एक जण नुसताच छताकडे बघत होता. कोण कोणता ते लिहीत नाही, उगाच कुणाची अब्रू कशाला काढा.

आता मी नेमकं काय करते ते तुम्ही दर भेटीत विचारता आणि दर भेटीत विसरता, म्हणून एकदा लिहूनच टाकते. पेशीच्या मधोमध जनुकं बसलेली असतात. अमुक प्रथिन बनवा, तमुक बनवा, असे त्यांचे निरोप बाहेर जात असतात आणि त्या निरोपांप्रमाणे काम होतं. पण आपल्या घरात कसं आहे बघा. निर्णय तुम्ही जाहीर करता (हॉलमध्ये उभं राहून, चढ्या आवाजात), काकू स्वयंपाकघरातून एवढंच म्हणतात, "बघू." आणि तो निर्णय तिथेच बसतो. पुन्हा त्याचं नाव निघत नाही. पेशीतही असे "बघू" म्हणणारे बारके रेणू असतात, त्यांना मायक्रो-आरएनए म्हणतात. ते स्वतः काहीच बनवत नाहीत. निरोपाला जाऊन चिकटतात आणि निरोप गप्प होतो. हृदयावर फार दिवस ताण पडला की या बारक्यांचं गणित बिघडतं. काही जण उगाच प्रत्येक गोष्टीला "बघू" म्हणू लागतात, काही जण बोलायचेच बंद होतात. मग हृदयाचे स्नायू पोटातल्या बाळाच्या हृदयासारखे वागायला लागतात, मध्ये मध्ये नको तिथे चिवट धागे वाढतात, आणि पंप थकतो. यातले काही बारके रक्तात उतरतात आणि तिथे टिकून राहतात. त्यांना पकडून मोजणं हा माझा धंदा, आणि त्यात माझा हात धरणारं इथे कुणी नाही, हे मी नम्रपणे सांगते.

या कामात एकच वैरी, तो म्हणजे माणसाचा हात. आपल्या बोटांच्या घामात असं काही असतं की नळीत एक थेंब गेला तर सगळे आरएनए फस्त. म्हणून हातमोजे घालायचे, टेबल स्पिरिटने पुसायचं, हातमोजेही पुसायचे. बाकीचे लोक एकदा पुसतात. मी पुसते, थांबते, विचार करते आणि पुन्हा पुसते. आमच्या बाई (म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुख, कमी बोलणाऱ्या आणि सगळं बघणाऱ्या) एकदा म्हणाल्या होत्या की तुझ्या टेबलावर माशी बसली तर घसरून पडेल. मी ते कौतुक समजले.

तर तुमच्या नळ्या यंत्रात घातल्या. तीन अगदी शहाण्यासारख्या वागल्या. चौथीत मात्र थकलेल्या हृदयाचे म्हणून जे बारके आम्ही ओळखतो, ते सगळे एकदम वर. मी अजिबात डगमगले नाही. म्हटलं, रक्त जोरात ओढलं गेलं असेल. तसं झालं की तांबड्या पेशी फुटतात, त्यांच्यातले बारके बाहेर सांडतात आणि हिशेब चुकतो. पण मग नळी गरगर फिरवल्यावर रक्ताच्या वर जे पाणी सुटतं ते गुलाबी दिसायला हवं, ते तर स्वच्छ पिवळसर होतं. मग यंत्राला नावं ठेवली. यंत्र आणणाऱ्या माणसाला बोलावून त्याच्यासमोरही ठेवली. त्याने मुकाट्याने सगळं तपासलं, मी सगळं पुन्हा केलं, आणि चौथी नळी पुन्हा तेच बोलली. शेवटी बाईंकडे जाऊन ठासून सांगितलं की घोटाळा नळीत आहे, माझ्या काकांत नाही.

बाईंनी विचारलं, कुठल्या काकांची नळी? मी दिमाखात नळी उचलली. नळीवर नाव नव्हतं. दुसरी उचलली, तीही कोरी. चारही नळ्या आरशासारख्या चकचकीत. सरावाच्या नळ्या म्हणून मी चिठ्ठी न चिकटवता साध्या पेनाने नावं घातली होती, आणि नंतर इतक्या प्रेमाने स्पिरिट लावलं होतं की तुम्ही चौघेही धुऊन निघालात. रक्तगट बघावा, तर तो मेला चौघांचा एकच. तुमच्या आईवडिलांनी जरा वैविध्य ठेवायला हवं होतं.

बाई रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "सरावाची नळी असली तरी रक्त कुणाचं तरी असतंच ना?" मला जन्मात कुणी इतकं कमी बोलून इतकं झापलेलं नाही. मग त्यांनी बसवून सांगितलं की एका नळीवरून आजार ठरत नाही, हे आकडे दुसऱ्या कारणांनीही हलतात, पण हलले तर आधी हृदयाकडे बघावं. त्यासाठी इको नावाची तपासणी असते. सुई नाही, दुखणं नाही, शर्ट काढून पडून राहायचं आणि पडद्यावर आपलं हृदय बघायचं. वेळेत कळलं तर औषधं आहेत, चांगली आहेत, आणि माणूस पुढे वर्षानुवर्षं भांडू शकतो.

ती नळी तुमची नाही, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. ती बाकी तिघांपैकी एकाची आहे, आणि ते तिघे माझ्या सांगण्याने हलणारे नाहीत. पण तुम्ही आधी इको करून आलात तर त्यांना मागे राहायची लाज वाटेल. तेव्हा येत्या शनिवारी सकाळी या. डॉक्टरांशी मी बोलून ठेवलं आहे. घरचे पुढारी म्हणून एवढं कराच.

तुमची लाडकी पुतणी

ता. क. या पत्राबद्दल बाकी तिघांशी बोलू नका. ते मनाला लावून घेतील.

आणखी ता. क. तुम्ही बोलणारच, म्हणून मीच सांगते. हेच पत्र चौघांनाही गेलं आहे, "समंजस असे एक तुम्हीच" या वाक्यासकट. शनिवारी डॉक्टरांनी चार वेळा दिल्या आहेत. आधी कोण आत जाणार यावरून दवाखान्यात वाद घालू नका, वयाप्रमाणे जा.

शेवटचा ता. क. हे मात्र चेष्टेत लिहीत नाही. बाबा शेवटच्या वर्षी खुर्चीत बसूनच झोपायचे. टीव्ही बघता बघता डोळा लागतो म्हणायचे आणि तुम्हा चौघा भावांना, आईला, मला, सगळ्यांना ते पटायचं. आडवं झालं की त्यांना श्वास पुरत नव्हता, हे मला या कामात पडल्यावर कळलं. तुमच्यापैकी ज्या कुणाला हल्ली उशीवर आणखी एक उशी लागते आणि काकूंनी विचारलं तर मान अवघडली म्हणून सांगावं लागतं, त्याने शनिवारची वाट बघू नये. उद्याच निघावं. कोण ते मला कळवायची गरज नाही, मी स्टँडवर उभी असेन. बाबांना मी जाऊ दिलं, कारण मला काही येत नव्हतं. आता येतं, आणि तुमच्यातला एकही मी सोडायची नाही.