आज्यांची अदलाबदल

४ नोव्हेंबर
पंचवीस तास! एवढी सेवा भरली तरच कॉर्लिसला कॉलेजच्या सेवामंडळात घेणार. तोवर नुसती उमेदवार. छातीवर एवढीशी पिन लावून फिरते माझी नात — जशी काही गावची शेरीफच! एकोणीस तास झालेत. माझ्या अंगणातला पाला गोळा केला, ते सहा धरतच नाहीत. "आजी, घरच्यांचं काम ही सेवा नाही," म्हणे. मग काय, करमणूक? मी चौथीतून शाळा सोडली, पण एवढं मलाही कळतं.

५ नोव्हेंबर
तिची मैत्रीण ब्रायडी, तीही उमेदवार. तिचेही तास आजीला डॉक्टरकडे नेण्यात गेले. मी म्हटलं, मग आज्या बदला की! हिनं तिकडे जावं, तिनं इकडे यावं. दोघी खो खो हसल्या. मग कळलं — ब्रायडीची आजी म्हणजे विल्मा स्टकर! अकरा वर्षं बोलत नाही माझ्याशी. जत्रेत पर्सिमन फळाच्या पुडिंगसाठी पहिल्या नंबरची निळी फीत मला मिळाली, तेव्हापासून. परीक्षक माझा मावसभाऊ होता म्हणते. होता, मग? त्याला जीभ नव्हती का?

९ नोव्हेंबर
ब्रायडीनं छपराची पन्हळ लख्ख केली. सूप दोनदा मागून घेतलं, गुणाची पोर. कॉर्लिस तिकडे सहा तास राबली. विल्मानं खायला काय दिलं, विचारलं. "पुडिंग," म्हणाली आणि लगेच विषय बदलला. का बरं?

१५ नोव्हेंबर
पंचाईत झाली. मंडळाच्या अध्यक्षानं विचारलं, या आज्या कुणाच्या? कॉर्लिसनं सगळं सांगून टाकलं. खोटं बोलता येत नाही तिला, आजोबांवर गेलीय. आता परवा दार लावून सभासद एकेकीबद्दल बोलणार, मग घ्यायचं की नाही ते हात वर करून ठरवणार. युक्ती माझी आणि शिक्षा पोरींना!

१७ नोव्हेंबर
घेतलं! दोघींना!
विल्मा गेली होती म्हणे सभेत — न बोलावता, काठी टेकत. म्हणाली, "मी हिच्या आजीचं तोंड बघत नाही, हे या पोरीला ठाऊक होतं. तरी आली, सहा तास राबली. आणि तुम्ही विचारता, ही सेवा का?"
सगळे हात वर.

१८ नोव्हेंबर
विल्मानं पुडिंग पाठवलं. उभ्या उभ्या सगळं संपवलं. माझ्याहून चांगलं आहे.
फ्रिजवरची फीत काढून पर्समध्ये ठेवलीय. उद्या देऊन येते. मीच.