राजाच्या पायाखालची फळी

पुत्तनतुरुत्त बेट, ३ डिसेंबर १९८३

ईशोची स्तुती असो.
चि. रोसिलीस अम्मामाचे आशीर्वाद.

तुझा बाप, माझा लेक, नारळाच्या झाडावरून पडला. जिवंत आहे, तोंडही चालू आहे, फक्त पाय प्लॅस्टरमध्ये. आता नाताळच्या चविट्टुनाटकात पाय आपटून फळ्या दणाणून सोडणारा राजा कोण होणार? नाटक शिकवणारा अंतप्पन आशान पलीकडच्या गावचा एक आणतो म्हणतो. तो मंचावर नाचतो की झुरळं मारतो, कळत नाही. मी सांगितलं, आमची रोसिली लहानपणापासून अप्पन अप्पन करत बापामागे पाय आपटत शिकली, तिला उभी करा. आशान हसला. तुझा बाप त्याहून मोठ्याने हसला. पोरीच्या पायाने मांजरही जागं होणार नाही म्हणाला. येतेस, की तिथेच रोग्यांना थर्मामीटर लावत बसतेस?

वाळलीस म्हणे. खात जा. लोभ असू दे. नसला तरी आशीर्वाद परत मागणार नाही.
ब्रिजित्ता अम्मामा

त्रिशूर, ९ डिसेंबर

ती. अम्मामास शि. सा. न. वि. वि.

येते, येते, येते! रजा मिळाली. रोज वसतिगृहाच्या गच्चीवर सराव करते. काल खालच्या मजल्यावरची सिस्टर भूकंप झाला म्हणून जपमाळ घेऊन अंगणात पळाली! युद्धाच्या पावलांना माझी टाच अजून अप्पनसारखी घुमत नाही, पण घुमेल. एकच धाकधूक आहे. अप्पन बघायला येईल ना? तो नसेल तर मुकुट घालून नाचू कुणासाठी? त्याला सांग... नको, तू सांगितलंस की भांडण होतं.

तुझ्या हातचा उकडलेला कप्पा कंद आणि तारलीचं कालवण माझ्यासाठी राखून ठेव, आणि थोडी मायाही.
तुझी रोसिली

पुत्तनतुरुत्त, १६ डिसेंबर

चि. रोसिलीस आशीर्वाद.

आशानला तुझं पत्र वाचून दाखवलं. भूकंपाचं ऐकून तयार झाला. पण मंचाची मधली फळी रीतीने राजा होणाऱ्याच्या घरून जाते ना? ती तुझ्या बापाने माळ्यावर ठेवली आहे आणि शिडी स्वतःच्या खाटेला बांधली आहे. देणार नाही म्हणतो, बघायलाही येणार नाही म्हणतो. बसू दे. मी फळीसाठी माझी खाट मोडली. फणसाचं लाकूड आहे, माझी सगळी बाळंतपणं त्याने सोसली, तुझ्या उड्या सोसेल. आणि नाही सोसल्या तर उत्तमच. राजाच्या पायाखाली मोडलेली फळी मानाने त्याच्या घराच्या दारावर लागते. तुझ्या बापाच्या पायाने इतक्या वर्षांत एक मोडली नाही, तेच त्याचं दुखणं. प्लॅस्टरमधलं नव्हे.

ये लवकर. माया इथे येऊन मोजून घे.
अम्मामा

पुत्तनतुरुत्त, २९ डिसेंबर

चि. रोसिलीस आशीर्वाद.

ड्यूटी आहे म्हणून पहिल्या होडीने गेलीस, तीही बापाशी न बोलता, तोंड फुगवून. वेडे, तो आला होता! सगळ्यांच्या मागे, चर्चच्या भिंतीला टेकून उभा होता. तुझ्या टाचेखाली फळी कडाडली, लोक बाकांवर चढून ओरडायला लागले, तेवढ्यात तो पलीकडचा झुरळमाऱ्या म्हणाला की फळी किडकी असणार. तुझ्या बापाने कुबडीच उगारली. माझ्या आईची खाट आहे ती, मी तिच्यावर जन्मलो, किडकी म्हणणाऱ्याने समोर यावं, म्हणून असा गरजला की तो सरळ होडीकडे पळाला. तू वर घामाने आंधळी झालेली, तुला काय दिसणार!

काल एका पायावर उभं राहून त्यानेच फळी दारावर ठोकली. दोनदा वाकडी लागली, दोन्ही वेळा शिव्या मला.

मी चटईवर झोपते, पाठ धरली आहे. नवी खाट करायला टाकली. तुझ्या बापाने सुताराला बजावलं आहे की मधली फळी दुप्पट जाड घाल, पुढच्या वर्षी पोरीला सोपं जाता कामा नये.

टाचांना तेल लाव. लोभ आता दोघांचा समज.
अम्मामा