कोयत्याला मिळालेला हशा

टाकवे बुद्रुक,
चैत्र, १९४१

प्रिय महिपती,

तुझी बहीण झुंबरबाई उद्या तुला आणायला येरवड्याला निघणार आहे. तिच्याच हाती हे पत्र देतोय. तुरुंगाच्या दारातून बाहेर पडलास की आधी हे वाच, मग चहा पी. अक्षर माझंच आहे. उजवा हात तू शाबूत ठेवलास, त्याबद्दल तुझे आभार मानावेत की कसं, ते काही ठरत नाही.

त्या दिवशी तू शुद्धीवर नव्हतास, म्हणून सांगतो. जत्रेत देवापुढं आपल्या फडाच्या हजेरीचा खेळ, भर दुपार, देवळापुढं मुंगी शिरायला जागा नाही. आदल्या दिवशी पुण्याचा सिनेमावाला मला निवडून गेला होता आणि तुला म्हणाला होता, आवाज दांडगा आहे, पण हे तोंड पडद्यावर चालायचं नाही. तू जेवला नाहीस. मला वाटलं, उतरेल राग. वगात तू राजा, मी हुजऱ्या; राजा हुजऱ्याला बडवतो, तिथं तू लाकडी तलवार फेकलीस आणि शेल्याखालून कोयता काढलास. पहिला घाव कानावर बसला. कान मातीत पडला आणि माणसं हसली. मी बोंबललो, “आरं, खरंच तोडला रं!” तर पुढची रांग गडबडा लोळायला लागली. दुसरा घाव अडवायला डावा हात वर केला, त्यात तीन बोटं गेली. तरी हशाच. शेवटी पुढं बसलेल्या एका म्हातारीच्या तोंडावर रक्त उडालं, ती किंचाळली, आणि मग तीच हसणारी माणसं तुझ्यावर तुटून पडली. दगड, वहाणा, काठ्या, जे हाताला लागेल ते. तुझ्या बरगड्या मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. खरं सांगतो, मला फार बरं वाटलं.

सिनेमावाल्यानं मला तरीही घेतलं. एककानी हवालदार झालो, एककानी न्हावी झालो, एककानी सासरा झालो, आणि प्रत्येक चित्रात कुणी ना कुणी मला थोबाडलंच. बोलपट आले, तसं आवाज बसका म्हणून हाकललं. मग लोणावळ्यात हवा खायला येणाऱ्या शेटजींच्या बंगल्यांवर नकला केल्या. तुणतुणं धरायला बोटं नव्हती, म्हणून बसलो वग लिहायला. पोरवयात लुगडं नेसून फडात नाचलेला हा कोंडाजी, आज चार फड त्याचे वग करतात! पण सगळ्यांत जास्त हशा कशाला मिळतो सांगू? तुझ्या नकलेला. मिशीला पीळ द्यायचा, छाती काढायची, उजवा पाय फेकत चालायचं आणि कोयता उपसायचा. माणसं पोट धरून हसतात.

माझा पोरगा सोपान तेवढा हसत नाही. तो सोमाटण्याला मामाकडं वाढला. तुला त्यानं पाहिलंय ते फडात, तोंडाला रंग फासलेला, आणि नंतर माझ्या नकलेत. लोणावळ्याच्या रेल्वे यार्डात खलाशी आहे, हाडापेरानं मजबूत. मला म्हणाला, “आबा, तुमी हसवा लोकांस्नी. मी त्याला जित्ता सोडणार न्हाई.” मी हसण्यावारी नेलं.

गेल्या आठवड्यात तू सुटल्याची आवई उठली. सोपान कामशेतच्या ठेसनात जाऊन उभा राहिला. गाडीतून एक मिशीवाला उतरला, छाती काढून, उजवा पाय फेकत. सोपाननं त्याला रुळांवर आडवा पाडला आणि लोखंडी गजानं ठेचला. जबडा फुटला, एक डोळा गेला. हमाल धावले म्हणून जीव तेवढा राहिला. तो माणूस लढाईत पाय जायबंदी होऊन रजेवर आलेला रखमाजी नावाचा शिपाई होता, बायकोला भेटायला निघालेला. सोपान डोंगरात पळाला. मी वाड्या-वस्त्या पालथ्या घातल्या, पण सापडत नाही. आईला, मुक्ताबाईला, मात्र त्यानं निरोप धाडलाय, “त्यो ह्यो न्हवता. आता चुकायचो न्हाई.” मुक्ताबाईनं तेव्हापासून चूल पेटवलेली नाही.

म्हणून लिहितोय. झुंबरबाईनं तुझ्यासाठी घर सारवून ठेवलंय, तरी मावळात पाऊल टाकू नकोस. पुण्याहूनच सोलापूरची गाडी धर आणि मिशी तिथंच उतरव. मी तुला माफ केलेलं नाही. थंडीत नसलेली बोटं ठणकतात, तेव्हा तुझ्या नरड्यावर पाय द्यावासा वाटतो. पण तू मेलास तर सरकार माझ्या पोराला फासावर चढवेल, आणि माझ्या म्हातारपणाला तो एकच आहे. उद्या तू येणार हे त्याला कळलंय. तेव्हा उद्या मी तळेगावला गाडीत बसेन. कानावरून पागोटं ओढून घेईन, नकलेतली तुझी मिशी लावीन आणि कामशेतला तुझ्यासारखा पाय फेकत उतरेन. तो धावून आला की मिठी मारून धरायचा आणि घरी न्यायचा, एवढंच मी ठरवलंय. दुसऱ्या कशानं तो माझ्यापुढं यायचा नाही. तू तेवढा त्या गाडीत असू नकोस.

तुझाच,
कोंडाजी