बोळाचं कुलूप

कळंब, मंगळवार संध्याकाळ

मागच्या आठवड्यात दोन घरं फुटली, म्हणून आज गल्लीची बैठक झाली. मागच्या बोळाला गेट बसवून कायमचं कुलूप लावायचं ठरलं. बैठक चालवणाऱ्या गुरुजींनी विचारलं, "कुणाची हरकत?" कुणाचीच नव्हती. सगळ्यांचे हात वर, माझाही.

सोजरमावशी एकट्या राहतात. त्यांचं पुढचं दार बसलंय, त्यांच्याच्यानं उघडत नाही. यायला-जायला मागचं दार, आणि काही झालं तर पळायलाही त्यांना तो बोळच. हे मला माहीत होतं. मग हात वर कसा गेला? खरं सांगायचं तर मी आधी शेजारच्या नंदाताईंकडे पाहिलं.

परत येताना त्याच म्हणाल्या, "मला पटलं नव्हतं बघा. पण तुमचा हात वर दिसला."

तशीच मावशींकडे गेले. त्यांनीही हात वर केला होता! "मावशी, तुमचीच वाट बंद होतीय की!"

"व्हय गं. पर तुझ्यासारखी शिकलेली हात वर करतीय, मग म्या एकटीनं खाली ठिवून कसं चालंल? म्हणलं, कायतर बरंच आसंल."

गुरुजींना फोन केला. ते चिडले. "सगळ्यांच्या मतानं ठरलंय. आता काय?"

"माझं मत नव्हतं, गुरुजी. नुसता हात होता."

"मग सकाळी सगळ्यांसमोर सांगा."

वेल्डर आठला येणार. मी साडेसातलाच बोळात जाऊन थांबणार आहे. नंदाताईही येते म्हणाल्यात. पण बोलायच्या आधी त्यांच्याकडे बघायचं नाही.